पाहुण्यांचं पाणी

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत मध्यंतरी पाण्याचं मशीन विकणारा एक माणूस आला होता. गळ्यात टाय, हातात बॅग आणि जिभेवर साखर. खाली पार्किंगमध्ये टेबल मांडून त्यानं एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं, आणि दोन्हींत विजेच्या तारा सोडल्या. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर फेस धरला. शेजारणी ‘अगं बाई!’ करत मागे सरकल्या. मशीनचं पाणी मात्र जसंच्या तसं.

मी पुढं झाले. म्हटलं, “अहो, ही घाण पाण्यातली नाही, तुमच्या तारेच्या लोखंडाची आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजतं. तुमच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून काही होत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाका, तेही असंच होईल.” तो हसला. मी वर गेले, मिठाची बरणी घेऊन आले आणि टाकलं त्याच्या ग्लासात मीठ. ग्लास तपकिरी. मग मी त्याला जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. टेबल गुंडाळून गेला बिचारा.

नवरा म्हणाला, “एवढं अंगावर जायची काय गरज होती? पोट आहे त्याचं त्यावर.” मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या माणसानं असं काय केलं होतं? बघणाऱ्याला पाणी जसं हवं तसं दाखवलं. मीही एकदा तेच केलंय, तेही डिग्रीच्या जोरावर, सहीनिशी. फक्त आपण फसवतोय हे त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक नव्हतं. निदान सुरुवातीला नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून मी नाशिकच्या एका कॉलेजात पीएच.डी.ला नाव घातलं होतं. माहेर विंचूरजवळ, घरात कांदा, आणि दर दिवाळीला तोच प्रश्न, अजून किती शिकणार? वडलांनी शेवटचं सांगून टाकलं होतं: पीएच.डी. होईपर्यंत स्थळं बघत नाही, पण मध्येच सोडलंस तर दुसऱ्या दिवशी कांदेपोहे. त्यामुळं ती पदवी मला प्राणापलीकडं हवी होती. हे आधीच सांगते, नाहीतर पुढं मला लोक फार भोळी समजतील.

माझे गाइड, त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणायचे. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि आवाज कधी चढायचा नाही. मला त्या आवाजाचीच चीड होती. त्यांनी एक प्रकल्प मिळवला होता. सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावर स्वस्तातला फिल्टर बसवायचा: सिमेंटची टाकी, तळाशी गोटे, वर वाळू, आणि वाळूच्या मध्ये भाताचं तूस जाळून केलेल्या राखेचा थर. वरून गढूळ पाणी ओतायचं, खालच्या तोटीतून स्वच्छ घ्यायचं. वीज नको, औषध नको. वाळू तिथलीच, तूसही तिथलंच. कल्पना चांगली होती, आजही म्हणेन चांगली होती. प्रयोगशाळेत बादलीएवढ्या फिल्टरमधून मी गटाराचं पाणी सोडलं होतं आणि ते काचेसारखं खाली आलं होतं.

पाड्यावर पाण्याचा एकच आधार होता, डवरा. डवरा म्हणजे ओहोळाच्या काठी खणलेला खड्डा. त्यात झिरपलेलं पाणी वाटीनं उपसून हंड्यात भरायचं. होळीनंतर त्याचा रंग चहासारखा होई, आणि त्याच ओहोळात गुरंही उतरत. उन्हाळ्यात तालुक्याहून टँकर यायचा तेव्हा कुठं बायांच्या जिवात जीव यायचा.

टाकी बांधून झाली तेव्हा सर भाड्याच्या गाडीतून पाड्यावर आले. मी बरोबर होतेच. भाद्रपदाचं ऊन मी म्हणत होतं. टाकीची राखण जिच्याकडं दिली होती ती पन्नाशीची बाई पुढं आली. काटक, गुडघ्यापर्यंत कासोटा मारलेलं लुगडं. मी तिला मावशी म्हणायचे. तिनं राखेनं घासून लख्ख केलेला पितळेचा तांब्या भरून सरांपुढं धरला. सरांनी हात वर केला. “मला चालत नाही,” म्हणाले, आणि गाडीतून सीलबंद बाटली मागवून, झाकण कडकन मोडून, उभ्या उभ्या अर्धी प्याले. अख्खा पाडा बघत होता. टाकीचं उद्घाटन करायला आलेला माणूस, आणि त्याच पाड्याचं पाणी त्याला चालत नाही!

मावशीनं तांब्या मागं घेतला. तांब्याचा काठ तिनं पदरानं पुसला आणि माझ्याकडं बघितलं. मी तांब्या घेतला आणि घटाघटा रिकामा केला. थंडगार, गोड पाणी. लाज वाटायला हवी होती सरांना, पण त्यांचं लक्षही नव्हतं. मी मात्र परतीच्या वाटेवर स्वतःवर खूश होते. बघा, मी नाही तसली. मी गावाकडची आहे, मी लोकांच्या हातचं पिते.

दर आठवड्याला सुरगाण्याला जाणं शक्य नव्हतं. तेव्हा मी अशी सोय लावली: निर्जंतुक केलेली बाटली कागदात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात ठेवून काळ्या-पिवळ्या जीपच्या ड्रायव्हरकडं द्यायची. सोमवारी सकाळी मावशी टाकीच्या तोटीखाली बाटली भरणार, जीप दुपारी दिंडोरी नाक्यावर येणार, आणि मी मोपेडवरून डबा घेऊन प्रयोगशाळेत. हात धुवायचे, बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही, तोटी थोडी वाहू द्यायची, मग भरायचं. मावशी एकदा सांगितल्यावर शिकली. शेवटी तिनं विचारलं, “ही बाटली जाती कुठं?”

“सरांकडं,” मी म्हटलं. “पाणी कसंय ते बघतात ते.”

ती मान हलवून “बरं” म्हणाली. एवढंच आमचं बोलणं. त्या एका शब्दावर मी पुढं आठ महिने विसंबून राहिले.

रिझल्ट काय यायचे म्हणून सांगू! आम्ही पाण्याचा थेंब जेलीसारख्या खाद्यावर पसरून काचेच्या बशीत ठेवायचो. पाण्यात जंतू असले की दुसऱ्या दिवशी बशीवर ठिपके उगवतात, ते मोजायचे. मावशीच्या बाटलीची बशी दर मंगळवारी कोरी. एक ठिपका नाही. सर बशी उजेडाकडं धरून बघायचे आणि म्हणायचे, “ब्युटिफुल.” मी म्हणायचे, “सर, डवऱ्याचंही पाणी दर आठवड्याला घेऊया ना. आत काय जातंय हेही कळायला पाहिजे.” सर म्हणायचे, “सुरुवातीला घेतलंय ना एकदा? जीपवाल्याला किती डबे देणार?” मी एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, आणि गप्प बसले. भांडायला मी कमी नव्हते, हॉस्टेलच्या मेसवाल्याला विचारा. पण इथं भांडले नाही. कोऱ्या बशा मलाही हव्या होत्या.

आणि एक गोष्ट मला दिसली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पाण्यातून वीज किती वाहते हे मोजायचं एक यंत्र असतं. त्यावरून क्षार किती ते कळतं. डवऱ्याचं पाणी सुरुवातीला मोजलं होतं, आकडा चांगला चढा होता. बाटलीतल्या पाण्याचा आकडा त्याच्या निम्म्याहून कमी यायचा. आता मला सांगा, वाळूतून मीठ गाळलं जातं का? खारट आमटी चाळणीतून ओतली तर अळणी होते का? मी सरांना विचारलं. “राखेनं ओढले असतील क्षार,” म्हणाले. “इंटरेस्टिंग आहे. याचा स्वतंत्र पेपर होईल.” पेपर म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं! वहीत त्या आकड्यापुढं मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं.

महिन्यातून एकदा मी पाड्यावर जायचे. जीप लगेच परत फिरायची, म्हणून मावशी बाटली आधीच भरून ठेवायची. मी तिला शाबासकी द्यायचे, ती मला तांब्या द्यायची. पाणी तसंच थंड, तसंच गोड. प्रयोगशाळेत कोणी शंका काढली की मी तोऱ्यात सांगायचे, “मी स्वतः पिते तिथलं पाणी. मला काय झालं?”

थंडी संपता संपता तालुक्याच्या ऑफिसनं अहवाल मागवला. मी लिहिला, टाकीचं पाणी पिण्यास योग्य आहे. तपासणाऱ्याची सही माझी, त्याखाली सरांची. आपलं लिहिलेलं कुठल्यातरी सरकारी टेबलावर जातंय याचाच आनंद मला जास्त झाला होता.

पुढं काय झालं ते मला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं. डबा हातात देता देता तो म्हणाला, “मॅडम, त्या पाड्याचं टँकरच्या यादीतलं नाव काटलं म्हणं. फिल्टर हाय ना त्यांना.” मी म्हटलं, बरोबरच आहे, ज्यांना नाही त्यांना मिळू दे. देवा शप्पथ, असंच म्हटलं.

एप्रिलमधल्या एका सोमवारी डबा उघडला तर बाटली रिकामी. कागद जसाच्या तसा, झाकण घट्ट, आत थेंब नाही. ड्रायव्हर म्हणाला, “म्हातारी बोलली, पाणी नाय.” मी चक्रावले. टाकीला पाणी नाही म्हणजे काय? पाडा पितोय काय मग? सरांना सांगितलं तर ते वहीवरून डोळे न उचलता म्हणाले, “मागच्या आठवड्याचाच आकडा धर. एका वाचनानं काय फरक पडतो?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर तेव्हा राग सरांपेक्षा मावशीवर जास्त होता. एवढं साधं काम, आठवड्यातून एक बाटली, तेही जमू नये? दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जीपच्या मागच्या फळीवर लटकत मी सुरगाणा गाठलं आणि, जीप पाड्यावर सोमवारीच जायची म्हणून, पुढं पाड्यापर्यंत तणतणत चालत गेले.

मावशी ओट्यावर बसली होती. मांडीवर तिची नात, दीड-दोन वर्षांची. मुलगा आणि सून दिवाळीनंतर दिंडोरीकडं द्राक्षबागांवर कामाला गेले होते, ते नुकतेच परतले होते. पोरगी तिथं चांगली टुणटुणीत होती म्हणे. इथं येऊन डवऱ्याचं, टाकीचं पाणी पोटात गेलं आणि चार दिवसांत ढाळ-उलट्यांनी तिचं पार चिपाड झालं होतं. डोळे खोल गेलेले. रडायची, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

आणि मी, मी काय विचारावं? “मावशी, बाटली रिकामी का पाठवली?”

“कड्याचं पाणी आटलं,” ती म्हणाली.

“कुठल्या कड्याचं? मी टाकीचं पाणी मागितलं होतं!”

“टाकीचं कसं धाडू? ते घाण हाय. होळीपसनं वास मारतंय. वाळू तुंबली, काठीनं ढवळली तवा कुठं थोडं थोडं येतंय.”

“मग आजवर बाटलीत काय भरत होता?”

ती माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मीच खुळी आहे. “कड्याचंच की. तुझ्या साहेबानं आमच्या हातचं पाणी तोंडाला लावलं नाय. सगळ्यांदेखत गाडीतली बाटली प्याला. आन् मग आमच्याकडंच बाटली भरून मागतो. त्याच्या घरी घाण पाणी धाडून पाड्याचं नाव घालवू? पाहुण्याला आमी कड्याचंच देतो. तुला बी तेच दिलं की दर खेपेला.”

कपाळ माझं! कोपऱ्यात एक लहान हंडा होता, त्यावर पळसाच्या पानाचं झाकण. तो मी आठ महिने बघत होते. तो पाहुण्यांचा हंडा. घरातलं कोणी त्याला हात लावत नाही. वर डोंगरात कड्याच्या फटीतून पाणी झिरपतं, तिथं चढून जायला पाऊण तास, आणि फटीला पान लावून हंडा भरायला त्याहून जास्त. सोयरे आले, बाळंतीण असली, तर ते पाणी आणायचं. आणि दर सोमवारी माझ्या बाटलीसाठी, उजाडायच्या आत. एवढं चढून ही बाई मला पाणी देत होती, आणि त्या पाण्यावरून मी तिच्या तोंडचा टँकर काढून घेतला होता.

हे मला आता लिहिताना समजतंय. तेव्हा मी तिच्यावर ओरडले. शेजारच्या बाया गोळा झाल्या एवढी ओरडले. “अहो, तुमच्यामुळं टँकर बंद झाला, कळतंय का? तुमच्या असल्या मानपानापायी या पोरीची ही दशा झाली! मी काय पाहुणी म्हणून येते इथं? यापुढं मला तुम्ही पिता तेच पाणी द्यायचं. तेच! कळलं?”

मावशी नातीच्या तोंडाला ओलं फडकं लावत होती. “कळलं,” म्हणाली. मग मान वर करून म्हणाली, “आन् तू एक डाव तरी टाकीखाली बाटली धरून बघितलीस का?”



सुनेनं पोरीला पाठीशी बांधलं आणि आम्ही तिला सुरगाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सलाइन लावली आणि विचारलं, “कुठलं पाणी पाजता हो?” सून माझ्याकडं बघत राहिली. मी बाहेर जाऊन उभी राहिले. मग परत पाड्यावर जाऊन टाकीच्या तोटीखाली आणि डवऱ्यात स्वतःच्या हातानं बाटल्या भरल्या आणि मिळेल त्या गाडीनं नाशिक गाठलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही बशा उघडल्या तर ठिपके मोजायला जागाच नव्हती, सगळा एकच लगदा. दोन्ही बाटल्यांचा क्षाराचा आकडा सारखा आला. माझं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खरं होतं.

दोन्ही बशा मी सरांच्या टेबलावर आपटल्या. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. काय तो शांतपणा! वाटलं, त्यातली एक बशी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उलटी करावी.

“हे एका दिवसाचं सॅम्पल आहे,” ते म्हणाले. “आधीची सगळी तुझ्याच हातची आहेत. ती खोटी म्हणायची तर खोटी तूच ठरतेस.”

“ठरू दे. आपण तालुक्याला कळवू. टँकर तरी सुरू होईल.”

“टँकर हा आपला विषय नाही.”

“मग आपला विषय काय आहे, सर?”

“तुझा प्रबंध,” ते म्हणाले, आणि दोन्ही बशा एका बोटानं माझ्याकडं सरकवल्या.

हे ते धमकी म्हणून बोलले की काळजीनं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माणूस तसा वाईट नव्हता असं लोक म्हणतात. म्हणोत.

मी पत्र लिहिलं. माझा आधीचा अहवाल चुकीचा आहे, नमुने टाकीचे नव्हते, चूक माझी आहे, पाणी पिण्यास अयोग्य आहे, टँकर ताबडतोब सुरू करावा. खाली एकटीची सही. तालुक्याच्या ऑफिसातल्या क्लार्कनं ते दोनदा वाचलं. “आधी म्हणता योग्य, आता म्हणता अयोग्य. पाणी बदललं का बाई बदलली?”

“बाई बदलली. तसं लिहून घ्या.”

“तुमच्या सरांची सही कुठाय?”

“ती मिळणार नाही.”

“मग आमचा बी नाइलाज आहे.” त्यानं पत्र परत सरकवलं. पाणी वाईट आहे म्हणायला सरांची सही लागत होती. चांगलं आहे म्हणताना मात्र माझी एकटीचीही चालली असती, मी पैज लावते. मी तिथंच बाकावर बसले. ऑफिस उघडायच्या आधी यायचे, बंद झालं की उठायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी क्लार्कनं जेवणाचा डबा उघडला तेव्हा मी पिशवीतली बशी काढली, झाकण काढून त्याच्या भाजीशेजारी ठेवली. “वास घ्या,” म्हटलं. “हे पाणी तिथली पोरं पितात.” तो शिव्या देत उठला, पण बशी बघायला आतले मोठे साहेबही बाहेर आले. त्यांनी मला आत बोलावलं, पत्र वाचलं, आणि ‘चूक माझी आहे’ या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हे खोडायचंय का?” मी नाही म्हटलं. त्यांनी वर शेरा मारला.

मे महिन्यात टँकर आला. पोरगी वाचली. बारीक झाली होती, पण वाचली.

माझं काय झालं म्हणता? सरांनी एक शब्द न बोलता माझा फॉर्म दुसऱ्या गाइडकडं जाण्यासाठी मोकळा करून दिला. दुसरा गाइड कोणी व्हायला तयार नव्हता. दिवाळीत कांदेपोहे झाले. सरांचा पेपर यथावकाश छापून आला, तुसाची राख पाण्यातले क्षार कशी ओढते यावर. खाली माझ्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव होतं. कोपऱ्यातल्या हंड्यातलं आणि डवऱ्यातलं पाणी यांचा फरक छापायला एवढा जाड कागद वाया घालवला. पुढं विंचूरला वाइन पार्क झालं तेव्हा मी एका कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायच्या कामावर लागले. तिथले लोक मला हसतात. प्रत्येक बाटली मी स्वतः वाकून भरते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

पण मला जे सांगायचंय ते त्या कांदेपोह्यांनंतरच्या थंडीतलं आहे. नागलीची, म्हणजे नाचणीची, झोडणी उरकली होती. पोरीसाठी फ्रॉक घेऊन मी पाड्यावर गेले. टाकी तशीच उभी होती, आत कोंबड्यांनी घर केलं होतं. पोरगी ओट्यावर धावत होती. मावशीला इतका आनंद झाला की तिनं माझे दोन्ही गाल दोन्ही हातांनी दाबले. मला वाटलं, फिटलं. जे काही माझं देणं होतं ते फिटलं.

मग ती तांब्या घेऊन आली. तोच पितळेचा, लख्ख. मी सवयीनं हात पुढं केला, आणि तोंडाशी नेता नेता थांबले. पाण्याला मातीचा वास होता.

“कड्याचं का, मावशी?”

“नाय. डवऱ्याचं,” ती कौतुकानं म्हणाली. “तूच बोललीस ना, आमी पितो तेच द्यायचं. फडक्यानं गाळलंय.”

तिच्या चेहऱ्यावर कसला टोमणा नव्हता. मी घरची झाले होते, म्हणून घरचं पाणी. आणि माझ्या डोळ्यांपुढं ती बशी आली. डवऱ्याच्या पाण्यात काय असतं हे त्या पाड्यात मला एकटीलाच ठाऊक होतं. मी तांब्या खाली ठेवला. “आत्ताच सुरगाण्याला चहा झाला, मावशी. तहानच नाही.” दोन तास चढून आले होते, ओठ सुकले होते, तिला ते दिसत होतं.

मावशीनं तांब्या उचलून पाणी परत घरच्या हंड्यात ओतलं, थेंबही न सांडता.

“तुझा साहेब तोंडावर तरी नको बोलला,” ती म्हणाली.

ती कोपऱ्यात गेली, लहान हंड्यावरचं पळसाचं पान बाजूला केलं, तांब्या भरला आणि काठ पदरानं पुसून माझ्यापुढं आणून ठेवला.

“घे,” म्हणाली. “पाहुणी हायेस.”

मी प्याले. नेहमीसारखंच थंड आणि गोड होतं.